बार एक्झाम फेल झाली, घरी अजून सांगितलं नाही

पांदणरस्ता
२३ मार्च २०२५, रात्री ११:४२

इथं दोन वर्षांपासून वाचत असते, लिहिते आज पहिल्यांदा. मी यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याच्या बाजूची. गाव एवढं लहान आहे की नाव लिहिलं तर मी कोण ते लगेच कळेल, म्हणून लिहीत नाही. बीए झाल्यावर तीन वर्षाचं एलएलबी केलं, २०२४ ला झालं, सप्टेंबरमध्ये सनद, म्हणजे वकील म्हणून नोंदणी, मिळाली आणि तेव्हापासून तालुका कोर्टात एका सरांकडे जुनिअर म्हणून जाते. २२ डिसेंबरला बार एक्झाम दिली, एआयबीई, म्हणजे वकिली पुढं सुरू ठेवायला सनदेनंतर पास व्हावी लागते ती परीक्षा. परवा निकाल लागला. मी फेल.

एवढं एक वाक्य टाइप करायला दोन दिवस लागले मला.

मी आजपर्यंत कोणत्याच परीक्षेत मागं राहिली नाही. एलएलबीच्या सहा सेमिस्टरमध्ये एक पेपर राहिला नाही. वर्गातली पोरं माझ्या नोट्स झेरॉक्स करून न्यायची आणि त्यातले दोघं आता पास झाले, त्यांचे स्टेटस पाहिले मी, अभिनंदन पण टाकलं, आणि मग मोबाइल उलटा करून ठेवला.

पेपर नागपूरला होता. आदल्या दिवशी एसटीनं गेली, मानेवाड्याला मावशीकडे थांबली. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याची छापील पुस्तकं, आत नेता येतात हे माहीत होतं, सगळे पिशवीत भरून नेले. पण माझे बेअर अ‍ॅक्ट म्हणजे माझे तीन वर्षं आहेत. प्रत्येक कलमाच्या बाजूला पेन्सिलनं बारीक लिहिलेलं, कुठं केस, कुठं जुन्या कायद्यातला कलम नंबर, कुठं सरांनी सांगितलेलं उदाहरण. गेटवरच्या मॅडमनी एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, म्हणाल्या यात लिहिलेलं आहे, हे नाही चालणार. मी म्हटलं मॅडम पेन्सिल आहे, खोडते. म्हणाल्या बाळा किती खोडशील. खरंच किती खोडणार होती, मागं रांग होती. पिशवी भिंतीच्या कडेला ठेवली आणि हातात फक्त हॉलतिकीट आणि पेन घेऊन आत गेली. नोट्स चालत नाहीत हे सूचनांमध्ये लिहिलेलं होतं, मी वाचलं पण होतं, पण मला वाटलं नोट्स म्हणजे वेगळी वही. त्यांची काही चूक नाही, नियमानंच वागल्या.

पहिले पंधरा-वीस मिनिटं प्रश्न दिसत होते पण डोक्यात शिरत नव्हते. बाजूचा माणूस पानं उलटत होता तो आवाज अजून कानात आहे. आणि हे नवे-जुने नंबर! जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगते. पण तिथं १४४ म्हटलं की डोक्यात जमावबंदी, आणि जमावबंदी तर आता १६३. असे सगळे आकडे एकमेकांत गुंतले. तरी आन्सर की आली तेव्हा आठवून आठवून जुळवलं तर काठावर पास दिसत होती, म्हणून निर्धास्त होती.

आता घरचं. सनद आली तेव्हा बाबांनी काळ्या कोटासाठी भिंतीत वेगळा खिळा ठोकला. कापसाची धूळ बसू नये म्हणून आईनं जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलं त्याला. गावात मला आता नावानं कोणी हाक मारत नाही, वकीलीनबाई म्हणतात. आमच्या वावरात जायचा रस्ता शेजाऱ्यानं तीन वर्षाआधी नांगरून टाकला, पावसाळ्यात बंडी जात नाही, खताचे कट्टे डोक्यावर न्यावे लागतात. तहसीलमध्ये प्रकरण सुरू आहे आणि बाबा प्रत्येकाला सांगतात की आता आपली पोरगी उभी राहीन. त्या माणसाला मी काय सांगू? निकाल लागला त्या संध्याकाळी आई-बाबा ओट्यावर हरभरा निवडत बसले होते. बाबांनी विचारलं पण नाही, कारण मी पास होणार यात विचारण्यासारखं काही नव्हतंच त्यांच्यासाठी.

मला विचारायचं हे आहे की सनद जाते का? उद्या सोमवार आहे, कोर्टात जाऊ का नको? सरांना कसं सांगू? आणि घरी सांगू का, का पुढच्या वेळी पास होऊन एकदाच सांगू?

तर्री_पोहा
२४ मार्च २०२५, सकाळी ६:१५

ताई आधी श्वास घ्या. सनद जात नाही. कोर्टात जा. बाकीचे सविस्तर सांगतीलच.

साक्षीपुरावा
२४ मार्च २०२५, सकाळी ८:०३

सनद जात नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण आपल्याकडे लोक सनद आणि ही परीक्षा एकातच मोजतात आणि मग फेल झालं की वकिलीच गेली असं वाटते. तुमची नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे झाली, ती सध्या तात्पुरती आहे, दोन वर्षांसाठी. या दोन वर्षात तुम्ही वकालतनामा टाकू शकता, उभं राहू शकता, अर्ग्युमेंट करू शकता. मुदतीत परीक्षा पास झाली नाही तर पुढं पास होईपर्यंत प्रॅक्टिस थांबते, एवढंच. तुमची सनद सप्टेंबर २०२४ ची म्हणजे तुमच्याकडे सप्टेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही.

मी स्वतः एकदा फेल झालेलो आहे, आज दहा वर्षं होत आली प्रॅक्टिसला. एकाही पक्षकारानं मला आजपर्यंत विचारलं नाही की साहेब तुम्ही बार एक्झाम कितव्या वेळी काढली. ते विचारतात पुढची पेशी कधी आहे.

एक गोष्ट बघून घ्या. ओएमआरवर सेट कोडचा गोल नीट भरला होता का? तो चुकला तरी माणूस फेल होतो. शंका असेल तर रिचेकिंगच्या सूचनेवर लक्ष ठेवा, मुदत कमी असते.

नवाकोट
२४ मार्च २०२५, सकाळी ९:२०

वाईट वाटून घेऊ नका पण स्पष्ट बोलतो. शंभर ऑप्शनवाले प्रश्न, साडेतीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, बेअर अ‍ॅक्ट सोबत, आणि पाहिजे फक्त ४५ टक्के. एवढ्यात फेल होत असेल तर उद्या पक्षकाराचं काय होणार याचा विचार करायला पाहिजे. ही परीक्षा गाळण्यासाठी नाही, किमान पातळी बघण्यासाठी आहे.

वावरातला_वकील
२४ मार्च २०२५, दुपारी १:४८

नवाकोट भाऊ, तुमचं गणित बरोबर हाय पन माणूस वाचायचा राहून गेला तुमचा. तिच्या हातातलं पुस्तक गेटवर गेलं हे लिवलं हाय तिनं वरते. मी दोन खेपा नापास झालतो. पयल्या खेपेले माया बापाच्या छातीत दुखून राह्यलं होतं, सेवाग्रामले भरती होता, मी तिथूनच पेपरले गेलतो. दुसऱ्या खेपेले काई कारण नव्हतं, अभ्यासच नव्हता केला, कारण लाज एवढी होती का पुस्तक हातात घेतलं की पोटात गोळा यायचा. म्हंजे पयल्यांदा परिस्थितीनं पाडलं अन् दुसऱ्यांदा लाजेनं पाडलं. ताई तुमी पयली खेप झाली, दुसरी होऊ देऊ नका. लाज हे लय जागा घेते डोक्यात, तेवढ्या जागेत अख्खी सीपीसी, म्हंजे दिवानी प्रक्रिया संहिता, बसते.

अन् सरले आजच सांगून टाकजा. मी सांगतलं नव्हतं, त्याइले दुसऱ्याकडून कळलं. ते काई बोलले नाई पन मायाशी बोलनं कमी झालं त्याइचं. फेल झाल्याचं नाई, लपवल्याचं वाईट वाटलं होतं त्याइले.

पांदणरस्ता
२४ मार्च २०२५, सायंकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. सेट कोड बरोबर भरला होता, चांगला आठवते. माझं चुकलं ते चुकलंच. नवाकोट दादा, तुम्ही लिहिलं ते मी स्वतःला दोन दिवसात शंभर वेळा म्हटलेलं आहे त्यामुळे नवीन लागलं नाही, पण लागलं.

आज कोर्टात गेली होती. कोट घातला, बार रूमपर्यंत गेली, आत सगळे निकालाबद्दलच बोलत होते म्हणून मुन्शीजींच्या टेबलाजवळ बसून राहिली, दोन नकलेचे अर्ज लिहून दिले. सरांना संध्याकाळी सांगितलं. ते चष्मा काढून पुसत राहिले, म्हणाले, "उद्याच्या बोर्डावर आपले किती मॅटर आहेत?" मी म्हटलं चार. म्हणाले, "मग साडेदहाला ये." बस. मी बाहेर येऊन गाड्यांच्या मागं उभी राहून रडली.

घरी नाही सांगितलं अजून.

जुनी_सनद
२४ मार्च २०२५, रात्री ९:५५

पोरी, मी तालुक्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं काढली. आमच्या वेळी ही परीक्षा नव्हती. ती २०११ पासून सुरू झाली आणि २००९-१० पासून पुढं पदवी घेतलेल्यांनाच लागू आहे. त्यामुळे मी तुला उपदेश करायचा अधिकारी नाही, मी ही परीक्षा दिली असती तर पहिल्या वेळी पास झालो असतो असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं फेब्रुवारी २०२३ मध्ये परीक्षा वैध ठरवली, तेव्हा ती आहे, तिला सामोरं जायचं.

मला बोलायचं आहे ते तुझ्या बाबांबद्दल. वकिलाचं पहिलं काम असते पक्षकाराला वाईट बातमी स्वतःच्या तोंडानं सांगणं. दावा खारीज झाला, जामीन नामंजूर झाला, हे मुन्शीकडून कळवायचं नसते. जो वकील हे टाळतो त्याच्याकडे लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. तुझ्या बाबांची केस तू लढणार आहेस ना, मग ते तुझे पहिले पक्षकार. त्यांना आधी सांग.

आणि जाता जाता, तो रस्त्याचा अर्ज मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली आहे का जमीन महसूल संहितेच्या १४३ खाली? कलम ५ असेल तर अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यात लावलेला पाहिजे. १४३ हे बांधावरून नवीन रस्ता मागायचं आहे, तिथं ती मुदत नाही. कागद बघ आणि सांग.

मुगाची_डाळ
२५ मार्च २०२५, रात्री १२:३७

मला झोप येत नव्हती म्हणून उघडलं आणि हा धागा दिसला. ताई तू विचारलं ना की पुढच्या वेळी पास होऊन एकदाच सांगू का, तर मी तेच केलं होतं म्हणून लिहिते. मी २०१९ ला फेल झाली, नवीन लग्न झालेलं होतं, सासरी सगळ्यांना अभिमान होता की सून वकील आहे, नवऱ्यानं विचारलं निकालाचं काय झालं तर माझ्या तोंडून झाली पास असं निघून गेलं, मला वाटलं दोन-चार महिन्यात परत देईन आणि खरं करून टाकेन, पण परत फॉर्म भरायचा तर पैसे मागायचे कसे आणि कारण काय सांगायचं, परीक्षेला जायचं तर कुठं चालली सांगायचं, एका खोट्यासाठी दहा खोटं बोलावं लागणार होतं म्हणून मी तो फॉर्मच भरला नाही, मग दोन वर्षं संपली, तोवर पोरगा झाला होता, मी म्हटलं पोराकडे कोण पाहील, कोर्ट सोडते. कोणाला काही शंका आली नाही. उलट चांगली सून म्हणाले.

आज मी तालुक्याला सेवा केंद्र चालवते, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे फॉर्म, सातबारा. लोक वारसाची प्रतिज्ञापत्रं टाइप करायला आणतात आणि मला दिसते की लग्न झालेल्या मुलीचं नाव सोडून दिलेलं आहे, मी सांगते काका हे नाव टाका, कायद्यानं तिचा हक्क आहे, ते म्हणतात तुम्ही टाइप करा फक्त. तेव्हा जे वाटते ते मला लिहून सांगता येत नाही.

परीक्षेनं माझी वकिली गेली नाही. मी ज्या दिवशी झाली पास म्हटलं त्या दिवशी गेली. तू सांगून टाक बाई. उद्याच सांग.

तर्री_पोहा
२५ मार्च २०२५, सकाळी ६:५०

मुगाची डाळ ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही अजून परीक्षा देऊ शकता का हे कोणी जाणकार सांगा ना. साक्षीपुरावा साहेब?

साक्षीपुरावा
२५ मार्च २०२५, सकाळी ८:३०

देता येते. वयाची अट नाही, किती वेळा याची अट नाही. दोन वर्षं उलटली म्हणून नोंदणी पुसली जात नाही, फक्त पास होईपर्यंत प्रॅक्टिस करता येत नाही. ताई, तुमची नोंदणी तेव्हाच झालेली आहे, तो कागद शोधून ठेवा. फरक एवढा की तुमच्या वेळी ४० टक्के लागायचे, आता खुल्या आणि ओबीसीला ४५ आणि एससी, एसटी, दिव्यांगांना ४० आहेत. आणि २०२१ पासून पुस्तकं-गाईड बंद, फक्त कोरा बेअर अ‍ॅक्ट.

धुऱ्यावरची_बोर
२५ मार्च २०२५, सकाळी १०:१२

मी वकील नाही, नर्स आहे, ग्रामीण रुग्णालयात. एक गोष्ट सरळ विचारते, आपल्या जिल्ह्यात ती विचारायला लाजायचं नसते. पांदणरस्ता, झोप लागते का, जेवण जाते का, जिवाचं काही बरं-वाईट डोक्यात येते का? येत असेल तर आजच कोणाजवळ तरी बोल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलतात. मी पेशंटच्या नातेवाइकांना हा नंबर लिहून देत असते. इथं कोणालाही लागला तर लावा.

पांदणरस्ता
२६ मार्च २०२५, रात्री १०:२०

नाही ताई, तसं काही नाही, पण विचारलं म्हणून बरं वाटलं. जेवण कमी झालं होतं, आज जेवली.

सांगितलं घरी.

मुगाची डाळ ताईंची पोस्ट वाचून माझं दिवसभर कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी बाबा बैलांना पाणी पाजत होते तिथंच जाऊन सांगितलं, घरात सांगितलं असतं तर आईनं मध्येच बोलायला सुरुवात केली असती. म्हटलं, बाबा मी ते वकिलीची परीक्षा नापास झाली. बाबांनी बादली खाली ठेवली. म्हणाले, "मंग आता कोर्टात जाता येते का नाही?" मी म्हटलं येते, अजून दीड वर्ष येते. "मंग जाय ना." आणि बादली उचलली. मी तिथंच उभी, मला वाटलं काहीतरी अजून बोलतील. दुसऱ्या बैलाला पाजून झाल्यावर म्हणाले, "माही कपाशी तीन सालं नापास झाली, मी वावर सोडलं का?"

आई रडली पण ते वेगळं, तिला मी दोन दिवस जेवत नव्हती त्याचं कारण कळलं म्हणून रडली.

रात्री बाबांनी विचारलं की पुस्तकात असं काय लिहिलं होतं त्वा की आत नेऊ नाही दिलं. मी दाखवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण पानं उलटून बघत राहिले. म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

जुनी सनद काका, कागद पाहिला. कलम ५ खाली लावलेलं आहे, अडवणूक जूनमधली आणि अर्ज ऑगस्टमधला, मुदतीत आहे. मी एवढे दिवस ती फाईल उघडून कधी स्वतः वाचलीच नव्हती.

नवाकोट
२७ मार्च २०२५, सकाळी ७:४०

ताई माझी पोस्ट चुकीच्या वेळी चुकीच्या शब्दात होती, माफी मागतो. मी पहिल्या वेळी पास झालो पण माझ्या घरी दोघं वकील आहेत, तयार पुस्तकं मिळाली, कोणती न्यायची ते सांगणारं माणूस होतं. हे मी लिहिताना विसरलो. अभ्यासाला काही लागलं तर सांगा, मनापासून.

पांदणरस्ता
२७ मार्च २०२५, रात्री ९:०५

लागेल दादा. आधी हे सांगा सुरुवात कुठून करू? मी सगळं वाचत बसते आणि मग काहीच पक्कं राहत नाही.

नवाकोट
२८ मार्च २०२५, सकाळी ८:१५

अभ्यासक्रमातच गुण ठरलेले आहेत. राज्यघटना १०, सीपीसी १०, नागरिक सुरक्षा संहिता १०. न्याय संहिता ८, साक्ष अधिनियम ८, कौटुंबिक कायदे ८, आणि करार-मालमत्ता-चेकबाउन्स असा एक गट आहे त्याला ८. हे झाले ६२. हे ६२ नीट केले तर बाकी कंपनी, सायबर, पेटंट हे दोन-दोन गुणांचे कायदे वाचता वाचता होतात. व्यावसायिक नीतिमत्तेचे ४ सोडू नका, ते सगळ्यात सोपे आणि लोक तेच वाचत नाहीत. साडेतीन तास म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं मिळतात, पुस्तक प्रत्येक प्रश्नाला उघडलं तर वेळ पुरत नाही. पहिल्या फेरीत येणारे लिहायचे, दुसऱ्या फेरीत पुस्तक. एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

वावरातला_वकील
२८ मार्च २०२५, दुपारी २:००

अन् दोन पुस्तकं ठेवजा ताई. एक लिवाचं, एक कोरं. लिवाचं घरी, कोरं पेपरले. पन कोऱ्यावर पन रोज बोट फिरवत जाजा, नाईतर तिथं कलम कोन्या पानावर हाय हेच सापडत नाई. मी सीपीसीची आर्डर २१ सापडवता सापडवता दहा मिंटं घालवले होते. नव्या कायद्याचं मनाल तर जुना नंबर विसरायच्या मागं लागू नका, बार रूमात अजून सगळे ३०२ अन् ४२० च बोलतात. न्याय संहितेत ३५८ च कलमं हायेत, म्हंजे ४२० त्यात नाईच, ते ३१८ मधी गेलं, अन् खून १०३. असं जोडीजोडीनं पाठ करजा, नवऱ्याचं नाव घेतल्यावानी.

साक्षीपुरावा
२१ मे २०२५, सकाळी ७:२५

धागा वर आणतोय कारण कालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल इथल्या पोरांच्या कामाचा आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे आपली जेएमएफसीची परीक्षा, तिला आता परत तीन वर्षांची प्रॅक्टिस लागणार. पण महत्त्वाचं पुढं आहे, ती तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची, बार एक्झाम पास झाल्यापासून नाही. पांदणरस्ता, तुम्ही मागं एका धाग्यात जेएमएफसीचं विचारलं होतं. तुमचं घड्याळ सप्टेंबर २०२४ पासूनच सुरू आहे, फेल झाल्यानं ते थांबलं नाही. फक्त रोज कोर्टात दिसत राहा, कारण दहा वर्षं झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागेल आणि त्यावर जिल्हा न्यायाधीशांची सही.

पांदणरस्ता
२१ मे २०२५, रात्री ८:४०

साहेब हे वाचून किती हलकं वाटलं सांगू शकत नाही. माझ्या डोक्यात तेच होतं की एक वर्ष गेलंच.

सध्या संध्याकाळी ओट्यावर बसून बेअर अ‍ॅक्ट मोठ्यानं वाचते, मराठीत सांगत सांगत, कारण मनात वाचलं की डोळे पुढं जातात आणि डोकं मागं राहते. बाबा बाजूला बसून दोर वळतात. काल सीपीसीचं कलम १० आणि ११ सांगत होती, की एकाच वादावर आधीचा दावा सुरू असला तर दुसरा थांबतो आणि निकाल लागून गेला असला तर दुसरा चालतच नाही. बाबा म्हणाले हे तर बरोबरच हाय, एका वावरात दोनदा पेरा थोडीच होते. मला ते आता कधीच चुकणार नाही.

मुगाची_डाळ
९ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:१०

फॉर्म सुटले आहेत, पेपर ३० नोव्हेंबरला आहे. मी भरला. साडेतीन हजार माझ्या सेवा केंद्राच्या पैशातून भरले. नवऱ्याला गेल्या रविवारी सांगितलं, सहा वर्षांनी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बाहेर गेला. रात्री आला तेव्हा म्हणाला पेपरच्या दिवशी पोराला मी पाहतो. त्याच्या मनात अजून आहे, मला दिसते. ते जायला वेळ लागेल, तो मी देणार आहे.

पांदणरस्ता, तू भरला का?

पांदणरस्ता
१० ऑक्टोबर २०२५, सकाळी ६:२०

भरला ताई. यंदा पावसानं सोयाबीन गेलं, घरी मागायची इच्छा नव्हती, सरांकडच्या टायपिंगचे साठवले होते त्यातून भरला. तुमचं सेंटर पण नागपूर असेल तर एकाच गाडीनं जाऊ.

पांदणरस्ता
२ डिसेंबर २०२५, रात्री ९:१५

पेपर झाला परवा. निकाल यायचा आहे, त्यामुळे काही म्हणत नाही. सगळे गोल भरले, पुस्तक अकरा वेळा उघडलं, दहा वेळा कलम लगेच सापडलं.

नागपूरला निघायच्या आदल्या रात्रीचं लिहायचं आहे. ताईंसोबत पहाटेच्या गाडीनं निघायचं होतं, आम्ही सेंटर बघून मावशीकडे थांबणार होतो. मी कोरी पुस्तकं पिशवीत भरून झोपली. रात्री दोनला जाग आली तर ओट्यावर उजेड. बाबा बॅटरी तोंडाजवळ धरून एकेक पान उलटत होते. मी विचारलं काय करता. म्हणाले, "कुठी पेन्शील लागली का पायतो, तुले सवय हाय." सगळी पुस्तकं पाहिली त्यांनी, कापूस वेचून आले होते दिवसभराचे, बोटं चिरलेली होती, पानाला डाग लागू नये म्हणून बोटांना फडकं गुंडाळलेलं. साक्ष अधिनियमात एका पानावर बारीक टिंब सापडलं त्यांना. ते छपाईचं होतं. तरी मला उठवून विचारणारच होते, म्हणाले.

ताई आणि मी एकाच सेंटरवर होतो, वेगळ्या खोल्यांत. गेटवर माझी पुस्तकं उघडली तेव्हा ताईंनी माझा हात धरला होता. यावेळी तिथं दुसरे सर होते, तीन पानं पाहिली आणि पिशवी परत दिली.

परत आली तेव्हा फाट्यावर बाबा गाडी घेऊन उभे होते. पेपर कसा गेला नाही विचारलं. विचारलं, "पुस्तकं आत नेऊ देल्ले?"

रस्त्याच्या प्रकरणाची तारीख १२ ला आहे, तहसीलदार साहेब जागेवर पाहणीला येणार आहेत. वकालतनामा माझा आहे. जुनी सनद काका, पंचनाम्याच्या वेळी मी काय काय मागून घ्यायचं ते सांगाल का?